जॉन्सन सिटीचा उन्हाळा

(क्रिकेट प्रशिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणि फलंदाज यांच्यातलं अंतर साडेसाठ फूट असतं. आपल्या बावीस यार्डांपेक्षा थोडं कमीच. तुम्ही सगळे मुलांना चेंडू टाकायला शिकवता, म्हणून हे आधी सांगून ठेवतो.

रिक अँकील हा फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सचा डावखुरा पिचर. १९९७ साली सेंट लुईस कार्डिनल्स या संघाने त्याला शाळेतून उचललं ते पंचवीस लाख डॉलर मोजून. २००० च्या मोसमात त्याने १७५ इनिंगमध्ये (इनिंग म्हणजे तीन बाद होईपर्यंतचा छोटा डाव) १९४ स्ट्राइकआउट काढले, म्हणजे तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद केले. वय एकवीस. मग ३ ऑक्टोबरला अटलांटा ब्रेव्ह्जविरुद्धचा प्लेऑफचा पहिला सामना आला. संघाकडे सहा धावांची आघाडी होती, म्हणजे दडपण म्हणावं असंही काही नव्हतं. तिसऱ्या इनिंगमध्ये त्याचा हात भरकटला. चार जणांना वॉक, म्हणजे फुकट पहिला बेस (धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा), आणि पाच वाइल्ड पिच, म्हणजे कॅचरच्याही आवाक्याबाहेर गेलेले चेंडू. एका इनिंगमध्ये पाच वाइल्ड पिच १८९० नंतर कुणी टाकले नव्हते.

कारणं शोधणारे बरेच निघाले. नेहमीचा कॅचर माइक मॅथेनी वाढदिवसाला मिळालेल्या शिकारी चाकूने हात कापून घरी बसला होता. अँकीलचे वडील अमली पदार्थांच्या गुन्ह्यात त्याच वर्षी तुरुंगात गेले होते. मला विचाराल तर यातल्या कशानेही चेंडू स्टँडच्या जाळीवर का जातो ते कळत नाही. हातात मुरलेली हालचाल अशी अचानक जमेनाशी होते, याला ‘यिप्स’ म्हणतात. २००१ च्या लॉर्ड्सवरच्या फायनलमध्ये लेस्टरशायरच्या स्कॉट बॉसवेलने एकाच षटकात आठ वाइड टाकले, तो हाच आजार.

आता मला खरं जे सांगायचंय ते. २००१ मध्ये अँकीलला मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या संघांच्या हाताखालच्या स्पर्धांत, पाठवलं. आधी मेम्फिसला, सर्वांत वरच्या ट्रिपल-ए पातळीवर. तिथे धड साडेचार इनिंगही नाहीत आणि सतरा वॉक! मग क्लबने त्याला एकदम तळाला, टेनेसीतल्या जॉन्सन सिटीला, रुकी लीगमध्ये नेलं. भोवती नुकतीच शाळेतून आलेली पोरं, लहानसं मैदान, बसचा प्रवास. तिथे हाच माणूस सत्त्याऐंशी इनिंगमध्ये १५८ स्ट्राइकआउट काढतो. शिवाय पिचिंग नसेल त्या दिवशी नुसती बॅटिंग, आणि त्यात दहा होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे मैदानाबाहेरचे फटके. मेजर लीगमध्ये, सर्वांत वरच्या पातळीवर, खेळलेल्या माणसाला इतक्या पायऱ्या खाली उतरवणं आपल्याकडे अपमान समजतात. आपण त्याला सरळ संघाबाहेर काढतो, ‘मनाने खचलाय’ म्हणतो आणि विसरतो. त्या क्लबने त्याला टॅलेंट वाया जाऊ न देता चुकायला जागा दिली. अर्थात पंचवीस लाख गुंतलेले असले की संयम सुचतो, हेही खरं.

पुढे सरळ रस्ता नव्हताच. २००२ दुखापतीत गेलं, २००३ मध्ये कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन. २००४ च्या सप्टेंबरमध्ये तो कार्डिनल्सकडे परतला, दहा इनिंगमध्ये एकच वॉक दिला. सगळ्यांना वाटलं, सुटला. पण मार्च २००५ मध्ये त्याने स्वतःच पिचिंग सोडल्याचं जाहीर केलं. आऊटफिल्डर, म्हणजे सीमेकडचा क्षेत्ररक्षक, व्हायचं म्हणून पंचविसाव्या वर्षी पुन्हा खालून सुरुवात: आयोवातल्या क्वाड सिटीज, मग स्प्रिंगफील्ड. त्या वर्षी २१ होमरन. २००६ गुडघ्याने खाल्लं. २००७ मध्ये मेम्फिसला ३२ होमरन, आणि ९ ऑगस्टला सेंट लुईसमध्ये पाड्रेस संघाविरुद्ध पुनरागमनाच्याच सामन्यात तीन धावांचा होमरन. डगआऊटमध्ये मॅनेजर टोनी ला रुसा लहान पोरासारखे टाळ्या वाजवत होते. महिनाभरातच बातमी फुटली की २००४ मध्ये त्याने ग्रोथ हार्मोन घेतलं होतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलं असं तो म्हणाला आणि कारवाई झाली नाही, पण कौतुकाच्या बातम्यांना ओहोटी लागली ती लागलीच.

हाताचं काय झालं? मे २००८, डेन्व्हरचं कूर्स फील्ड. एकाच सामन्यात त्याने सेंटरफील्डच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या मागच्या भागाच्या, खोलीतून दोनदा थेट तिसऱ्या बेसवर चेंडू फेकून धावणाऱ्याला बाद केलं. तीनशे फुटांच्या आसपासची फेक, टप्पा न पडता. साडेसाठ फुटांवर मात्र त्याच हाताचा भरवसा नव्हता.

२०१४ मध्ये तो निवृत्त झाला. नंतर वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याला मायनर लीगच्या मुलांशी बोलायला ठेवून घेतलं. आणि २०१८ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, पठ्ठ्याने जाहीर केलं की पुन्हा पिचर म्हणून येतो. कोपर पुन्हा गेलं.