‘स्टेबल’ म्हणजे नेमके काय?

नमस्कार. डेबियन या लिनक्स-आधारित कार्यप्रणालीत ‘स्टेबल’ नावाची शाखा, म्हणजे आवृत्तीचा प्रवाह, आहे आणि फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वळणाच्या कार्यप्रणालीतही ‘स्टेबल’ आहे. शब्द एकच असला तरी दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा आहे, आणि सर्व्हरवर काय बसवायचे हे ठरवताना नेमका हाच फरक अनेकांच्या नजरेतून निसटतो.

आधी डेबियन पाहू. नवे पॅकेज, म्हणजे बसवण्यासाठी बांधून दिलेला प्रोग्राम, प्रथम ‘अनस्टेबल’मध्ये येते. या शाखेचे नाव कायम ‘सिड’ असते. डेबियनची सांकेतिक नावे ‘टॉय स्टोरी’तील पात्रांची आहेत आणि त्यातला सिड म्हणजे खेळणी मोडणारा मुलगा, तेव्हा याहून समर्पक नाव शोधूनही सापडले नसते. तिथे काही दिवस काढल्यावर, आणि त्या काळात नवा गंभीर दोष नोंदला गेला नाही तर, पॅकेज ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. पुढे टेस्टिंग गोठवली जाते, उरलेले गंभीर दोष निस्तरले जातात आणि मग तीच शाखा ‘स्टेबल’ होते.

इथे स्टेबल म्हणजे ‘कधीच न कोसळणारे’ नव्हे, तर ‘सहसा न बदलणारे’. सुरक्षेतील त्रुटी सापडली तर सहसा नवी आवृत्ती न आणता जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती बसवली जाते. म्हणून डेबियन १३ मध्ये पॅकेजच्या क्रमांकाला ‘डेब१३यू१’ अशी शेपटी लागलेली दिसते. नुसता मूळ क्रमांक पाहून ‘हे जुने, म्हणजे असुरक्षित’ असा निष्कर्ष काढणारी तपासणी-साधने इथेच फसतात.

फ्रीबीएसडीमध्ये ‘करंट’ ही आघाडीची शाखा, ‘स्टेबल’ ही तिच्यातील पारखलेले बदल घेणारी, पण तरीही विकासाचीच शाखा. तिथले आश्वासन एवढेच की त्या मुख्य आवृत्तीसाठी बांधलेले प्रोग्राम पुढेही चालत राहावेत. रोजच्या कामाच्या यंत्रावर बसवायचे ते ‘रिलीज’.

सांकेतिक नावे केवळ हौस म्हणून आलेली नाहीत. १९९५ मध्ये एका सीडी-विक्रेत्याने डेबियनची अर्धवट आवृत्ती चुकून १.० म्हणून विकली. परिणामी अधिकृत १.० कधी निघालीच नाही आणि १९९६ मध्ये थेट १.१ आली. अपुऱ्या कामावर क्रमांकाऐवजी नाव असले की ते तयार माल म्हणून खपण्याची भीती कमी होते.

आता आपल्या डेबियन यंत्रावरील, पॅकेजेस कुठून आणायची हे सांगणारी ‘सोर्सेस डॉट लिस्ट’ ही फाइल उघडून पाहा. तिथे ‘बुकवर्म’ लिहिले असेल तर तुम्ही डेबियन १२ वरच राहता. ‘स्टेबल’ लिहिले असेल, तर ९ ऑगस्ट २०२५ रोजी ‘ट्रिक्सी’ प्रसिद्ध होताच त्या शब्दाचा रोख डेबियन १३ कडे वळला. पॅकेजेस बसवणारे ‘ॲप्ट’ हे साधन अशा वेळी बदललेले नाव दाखवून संमती विचारते. तो संदेश न वाचता ‘हो’ दाबू नका.