झेलमच्या वाळूतली रात्र

नमस्कार श्रोतेहो.

झेलम नदीचा काठ. कडाक्याची थंडी, आणि अंगावर घ्यायला पांघरूण नाही. एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण वाळूत दोन खड्डे उकरतात, माणूस आडवा मावेल एवढे. त्यात शिरतात आणि कोरडी वाळू गळ्यापर्यंत ओढून घेतात. तशीच रात्र काढायची. कितीतरी वर्षांनी त्या बहिणीनं हे लिहून ठेवलं, तेव्हा त्या खड्ड्यांना तिनं थडग्यांची उपमा दिली. ही बहीण म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचं नाव घेतलं की आपल्याला त्यांची विद्वत्ता आठवते, विधवांसाठी काढलेलं शारदा सदन आठवतं. मला आधी ही वाळू आठवते. आज भीतीबद्दल बोलायचं आहे, आणि भीतीत देव सोबत असतो म्हणजे काय होतं, याबद्दल. म्हणून सुरुवात तिथूनच केली.

त्याच्या थोडं मागे जाऊ. साल 1874, मद्रास इलाख्यातला दुष्काळ. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांचं कुटुंब तीर्थाच्या गावी पुराण सांगत फिरणारं. दागिने विकले, तांब्यापितळेची भांडी विकली. पुढं अकरा दिवस पोटात गेलं ते पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर. वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. वडिलांना खांदा द्यायला कुणी आलं नाही, तेव्हा भावानं, श्रीनिवासनं, त्यांना धोतरात गुंडाळून एकट्यानं पाठीवरून नेलं. आईच्या वेळी चौथा खांदा सोळा वर्षांच्या रमेचा होता. उंची कमी पडायची, म्हणून तिनं तो भार डोक्यावर घेतला.

मरण्यापूर्वी वडिलांनी तिला घट्ट जवळ धरलं. त्यांची दृष्टी गेलेली होती. तुला मी देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचं ते बोलले. या बोलण्याकडे नीट पाहा. ‘पोरी, तुला काही होणार नाही’ असं त्यात एक अक्षर नाही. तसं वचन देण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतंच. लेक कुणाच्या हातात आहे, एवढंच त्यांनी सांगितलं.

मला हे पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. माझी आई दवाखान्यात अतिदक्षता विभागात होती, तेव्हा कळलं. बाहेरच्या बाकावर मी रात्री काढत होते. दिवसभर फोन यायचे. ‘घाबरू नकोस गं, देवावर भरवसा ठेव.’ माणसं मायेनंच बोलत होती. पण फोन ठेवला की वाटायचं, मी घाबरले म्हणजे माझा भरवसाच खोटा. घाबरलेल्या माणसावर हा आणखी एक बोजा आपण कशाला टाकतो?

तिसऱ्या रात्री अडीच वाजता सिस्टरनं नाव पुकारलं आणि इंजेक्शनची चिठ्ठी हातात दिली. औषधांचं दुकान तळमजल्यावर, आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. जिन्याच्या तोंडाशी पाय उचलेना. तोवर मी सगळ्यांना म्हणत होते, ‘तो बघून घेईल.’ तिथं पहिल्यांदा वेगळं तोंडात आलं, ‘तू आहेस ना?’

नंतर बायबलमधलं तेविसावं स्तोत्र पुन्हा वाचलं. दाविदानं सुरुवातीला देवाबद्दल ‘तो’ म्हटलं आहे, तो मेंढपाळ, तो हिरव्या कुरणात नेतो. काळोखाची दरी आली की ‘तो’चा ‘तू’ होतो. लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्र, पण हे लक्षात यायला मला तो जिना लागला.

भीती गेली नव्हती बरं का. औषधांच्या काउंटरवर पैसे मोजताना नोटा हातात थरथरत होत्या. पण चार जिने उतरले होते.

रमाबाईंचंही तसंच झालं असेल, असं मला वाटतं. 1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्यांचे पती 1882 सालीच कॉलऱ्यानं गेले होते, पदरी लेक मनोरमा. अमेरिकेतल्या मंडळींनी त्यांच्या कामाला दहा वर्षं मदत कबूल केली होती, ती मुदतही सरत आली होती. आणि दुष्काळ काय असतो, हे त्यांच्या पोटाला माहीत होतं. ज्या गोष्टीनं आई, बाप, बहीण नेली, तिच्या तोंडात माणूस पुन्हा जाईल का? त्या गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, शहरात नवी माणसं आणायला बंदी. मग दौंडच्या वाटेवर केडगावला आपल्या शेतात त्यांनी राहुट्या ठोकल्या. तिथंच मुक्ती सदन वाढलं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथं हजारावर बायकामुली राहत होत्या.

त्यांच्यासाठीच, आता ख्रिस्ती झालेल्या रमाबाई पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, सोप्या मराठीत आणत होत्या. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकाही मुक्तीतल्याच. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली, चाळिशीत. त्यानंतरही रमाबाईंनी भाषांतर सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्यांनी डोळे मिटले, तेव्हा ते पुरं झालेलं होतं.

माझी आई त्या रात्रीनंतर बारा दिवसांनी गेली. गाडीची सोय बघायला मी त्याच जिन्यानं खाली उतरले, आणि तेच तीन शब्द पुन्हा म्हणाले.

नमस्कार.