मोटारीत मोटर

(दृश्य: अंधारं गॅरेज. शटर वर जातं. उजेड आधी बंपरवर, मग गोल दिव्यांवर.)

सहा वर्षं ही गाडी जागची हललेली नाही. १९९२ ची प्रीमिअर पद्मिनी, माझ्या बाबांची. आधी बॅटरी उतरली, मग कार्बोरेटर चोंदला, मग टाकीत गंज धरला आणि उरलंसुरलं उंदरांनी उरकलं. दर दसऱ्याला हार घालायचा, पेढा ठेवायचा, पुन्हा कव्हर ओढायचं. गाडीची पूजा चालू, गाडी बंद.

यंदा ठरलं, इंजिन काढायचं आणि विजेवर चालवायची.

(दृश्य: जुने फोटो. कुर्ल्याचा कारखाना, दादरचा टॅक्सी स्टँड.)

वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर कंपनीने १९६४ पासून कुर्ल्यात 'फियाट ११०० डिलाइट' बनवली. पुढे १९७४ मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून. मुंबईत तिला काळा-पिवळा रंग लागला आणि ती शहराचीच झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयाची वीस वर्षं भरल्यामुळे रस्त्यावरून उतरली, तेव्हा हळहळ झाली ती अगदी घरातलं माणूस गेल्यासारखी.

त्या हळहळीत एक गोष्ट विसरली जाते. टॅक्सीवाल्यांनी या गाडीचं सोवळं कधीच पाळलं नाही. पेट्रोल परवडेना तेव्हा डिझेल इंजिन बसवलं. प्रदूषणाचा प्रश्न कोर्टात गेला, मग सीएनजी आला. डिकीत सिलिंडर आणि प्रवाशांच्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर. म्हणजे पद्मिनीच्या पोटात फेरफार करणारे आम्ही काही पहिले नाही.

(दृश्य: चेनब्लॉकला लटकलेलं इंजिन. खाली तेलाचा डाग.)

इंजिन निघायला एक सकाळ पुरली. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "काढायला काय लागतंय हो? आता ही थांबवायची कशी ते बोला."

प्रश्न बरोबर होता. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. इंजिनाची गाडी उतारावर गिअरमध्ये टाकली की इंजिनच तिला धरून ठेवतं. मोटर तसं आपणहून करत नाही, तिला वीज किती द्यायची ते ठरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये ते सांगावं लागतं. मग गाडी धरताना मोटर उलट वीज बनवते. आणि सांगितलं तरी बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायची कुठे? कात्रजचा घाट उतरायचा तर भिस्त ब्रेकवरच. म्हणून पहिला खर्च मोटरवर नाही, ब्रेकच्या लायनर आणि व्हील सिलिंडरवर झाला.

(दृश्य: अगदी जवळून. लेथवरची ॲल्युमिनिअमची चकती, भोकं पाडलेली.)

ही चकती म्हणजे सगळ्या कामाचा जीव. एका बाजूला नवी मोटर, दुसऱ्या बाजूला जुना गिअरबॉक्स. दोघांचे शाफ्ट एका रेषेत हवेत. केसभर फरक पडला तर गाडी चालेल, पण बेअरिंग रडायला लागेल. ही चकती तीनदा बनली. पहिल्या दोन चकत्या आता मिस्त्रींच्या टेबलावर चहाचे कप ठेवायला आहेत.

गिअरबॉक्स काढून मोटर थेट जोडता आली असती. मोटर शून्यापासूनच जोर देते, गिअर बदलायची फारशी गरज नाही. पण स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून येते, आणि तो स्टिअरिंगचा दांडा हलला नाही तर बाबा या गाडीत बसणार नाहीत. त्या जोराचा तोटाही आहे. एकदम पाय दाबला तर मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या जुन्या प्रॉपेलर शाफ्टचे सांधे सुटतील. म्हणून कंट्रोलरला मुद्दाम लगाम घातला. पद्मिनीला शर्यत नाही लावायची.

आता बॅटरी. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३० सेल, प्रत्येकी ३.२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-अवर. एकापुढे एक जोडले की ९६ व्होल्ट आणि साडेनऊ युनिटांच्या आसपास वीज. गंमत बघा, एका लिटर पेट्रोलमध्ये जवळपास तेवढीच ऊर्जा असते. सेल, पेटी, वायरी मिळून दोन माणसांना उचलेना, आणि आत ऊर्जा बाटलीभर पेट्रोलएवढी! फरक पुढे आहे. इंजिन त्या लिटरातला बराचसा भाग उष्णता म्हणून उधळतं. बाबांच्या वहीत लिटरमागे बारा किलोमीटर लिहिलेत. बॅटरीच्या तेवढ्याच शिदोरीवर आमचा हिशेब साठ-सत्तरचा आहे. शनिवारवाड्याला जाऊन यायला भरपूर. महाबळेश्वरला नाही.

अर्धे सेल पुढे, अर्धे पेट्रोल टाकीच्या जागी. सगळे मागे ठेवले असते तर मागच्या स्प्रिंगचे पाटे बसले असते आणि पुढची चाकं हलकी पडून स्टिअरिंग बिघडलं असतं.

(दृश्य: चंदेरी निळी ई-टाइप जग्वार, विंडसर. आवाज नाही.)

परदेशात हे काम थाटात होतं. मे २०१८ मध्ये इंग्लंडचे राजपुत्र हॅरी लग्नाच्या मेजवानीला निघाले ते विजेवरच्या जुन्या जग्वारमधून. तिथे कंपनीनेच बॅटरी जुन्या इंजिनाच्या मापाची बनवली होती, म्हणजे वाटलं तर इंजिन परत बसवता यावं. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना 'फिवा' तरीही अशा गाडीला ऐतिहासिक मानत नाही. मला दोघांचंही पटतं, त्यामुळे आमचं इंजिन भंगारात गेलेलं नाही. ग्रीस लावून, ताडपत्रीत गुंडाळून जिन्याखाली ठेवलंय. आईची तक्रार आहे, पण आहे.

(दृश्य: पुण्याची वेताळ टेकडी, सकाळचे फिरणारे लोक, टेकडीवरची एआरएआयची इमारत.)

आपल्याकडचा कायदा सगळ्यांनी ऐकावा असा आहे. २०१६ च्या नियमांनुसार पूर्ण विजेवर नेता येते ती गाडी १ जानेवारी १९९० नंतर बनलेलीच लागते. किट एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेने मान्य केलेलं हवं आणि आरसी बुकात इंधनाचा रकाना बदलायला हवा. दुसरीकडे, पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ पासून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी, इंजिन मूळचंच असेल तर. थोडक्यात, आजोबांच्या फियाटला हात लावायचा नाही, बाबांच्या पद्मिनीला लावता येतो.

लावता येतो, पण गॅरेजात बनवलेल्या आमच्या जोडणीवर मान्यतेचा शिक्का नाही. तो नसेल तोवर ही गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. तसं बाबांना सांगितलंय. ते हूं म्हणाले.

(दृश्य: गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवलेली. मागची चाकं अधांतरी. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर.)

आज फक्त चाकं फिरवून बघायची आहेत. मिस्त्रींनी मेन स्विच चढवला. बाबांनी आरसा नीट केला, हात सवयीने डॅशबोर्डखाली नेला आणि चोक ओढला.

थंड इंजिन सुरू करायला ओढायच्या त्या चोकच्या तारेला आता पुढे काहीच जोडलेलं नाही. कोणी बोललं नाही. बाबांनी किल्ली फिरवली, पाय हलकेच दाबला.

आवाज नाही. नुसती मागची चाकं, आणि स्पीडोमीटरच्या केबलची बारीक टिकटिक. काटा थरथरत वर सरकतो. दहा. पंधरा.

"सुरू झाली का?" आई दारातून विचारते.

बाबा चोक हळूच आत ढकलतात.