सर्व्हरला चिटबॉय पाहिजे

(कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

‘रांगशास्त्र आणि सर्व्हरवरचा ताण’ असा विषय अध्यक्षांनी जाहीर केला तेव्हा मागच्या दोन ओळी चहाला गेल्या, हे मी बघितलंय. (हशा) जे उरलेत त्यांच्यातले निम्मे कागल, शिरोळ, करवीरचे असणार, म्हणजे ऊसवाले. त्यामुळं रांगा का तुंबतात याचं गणित, म्हणजे रांगशास्त्र, समजावण्याचं माझं निम्मं काम झालंच.

जानेवारीतलं साखर कारखान्याचं यार्ड आठवा. ट्रॅक्टरांची रांग वजनकाट्यापासून पार रस्त्यापर्यंत, ड्रायव्हर ट्रॉलीखाली पथारी टाकून झोपलेला आणि ऊस उन्हात. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गव्हाणीत, म्हणजे गाळपाला, पडायला हवा. नाहीतर तो सुकतो, वजन घटतं, साखर उतारा पडतो. म्हणजे रांगेत नुसता वेळ जात नाही, मालच खराब होतो. मग कारखाना काय करतो, यार्ड वाढवतो? वाढवलं तर जास्त ऊस वाळवायची सोय झाली, एवढंच. कारखान्याचं शहाणं शेती खातं चिटबॉयला, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या माणसाला, फोन करतं, ‘आज तोड थांबव.’ उसावर कोयता पडला की घड्याळ सुरू, त्यामुळं अडवायचा तो फडातच, उभ्या उसाच्या शेतात. गेटवर अडवून काय उपयोग? आमचे चुलते चिटबॉयला दर हंगामात शिव्या घालतात, पण रांगशास्त्र त्या माणसाच्या खिशातल्या चिठ्ठ्यांत आहे. त्या चिठ्ठ्या कुणाला आधी मिळतात, यावर वेगळं व्याख्यान लागेल. आणि बंदोबस्तही. (हशा)

आता माझं दुखणं. पुतणीचा प्रवेश अर्ज, शेवटचा दिवस, कुठलं संकेतस्थळ ते सांगत नाही. चाक फिरतंय, फिरतंय. वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? करा की काहीतरी!’ तोवर घरातल्या पाचही मोबाईलवर तेच पान उघडलं होतं आणि प्रत्येक जण रिफ्रेश दाबत होता. एका अर्जाच्या पाच विनंत्या, मग दहा, मग वीस. प्रत्येक घरात हेच. रात्री पानावर पाटी आली, ‘सर्व्हर व्यस्त आहे.’ खरंच व्यस्त होता बिचारा, पण कुणासाठी? जी माणसं कंटाळून पान बंद करून गेली, त्यांची उत्तरं तयार करण्यात! पुढं खुलासा आला की क्षमता वाढवणार आहोत. क्षमता म्हणजे मोठं यार्ड, हे मी तेव्हाच ओळखलं.

हिशोब सोपा आहे. सर्व्हर सेकंदाला १०० विनंत्या उरकतो आणि १२० येतात, असं धरा. पाच मिनिटांत ६,००० तुंबल्या. नव्या माणसाचा नंबर साठ सेकंदांनी लागणार आणि तो तिसाव्या सेकंदाला वैतागून पुन्हा बटण दाबणार. अडीच मिनिटांनंतर आत आलेली जवळपास प्रत्येक विनंती अशीच शिळी. सर्व्हर शंभर टक्के राबतोय आणि उपयोगी काम शून्याकडं चाललंय.

या रांगशास्त्राचा मूळ पुरुष आग्नर एरलांग, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला गणिती. १९०९ साली त्याचा पहिला निबंध आला. त्याचं १९१७ चं प्रसिद्ध सूत्र काय सांगतं? इतक्या लाईन ठेवल्या तर किती कॉलना नकार मिळेल. नकार पहिल्यापासून हिशोबात धरलेला आहे, बघा! आमच्या खात्यांना मात्र नकार द्यायची लाज वाटते.

संयोजकांनी ‘पाच मिनिटं’ अशी चिठ्ठी दिलीय, आणि मुख्य विषय आत्ता कुठं सुरू होतोय. पळवतो.

खिडकी एक, येणारे अनियमित, कामाचा वेळही अनियमित. तर रांगेसकट सरासरी लागणारा वेळ म्हणजे एका कामाचा वेळ भागिले, एक वजा वापर. वापर म्हणजे खिडकी एकूण वेळाच्या किती भागात कामात असते ते. वापर ५० टक्के असेल तर दुप्पट वेळ, ८० ला पाचपट, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट. म्हणून ‘सर्व्हर ९५ टक्के भरलाय, पैसा वसूल’ असं म्हणणाऱ्या साहेबांना हा तक्ता दाखवा.

दुसरं, जॉन लिटलचा नियम, १९६१ सालची सिद्धता. आत असलेले सरासरी किती, तर येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ. माणूस दहा सेकंद थांबत असेल आणि सर्व्हर सेकंदाला शंभर उरकत असेल, तर रांग हजारावर बंद. हजार-एकव्याला लगेच ५०३, म्हणजे ‘आत्ता सेवा देता येत नाही’ हा सर्व्हरचा ठरलेला संकेत, पाठवा आणि पुन्हा कधी यायचं तेही त्यातच सांगा. तसं नाकारणं जवळपास फुकट असतं. डेटाबेसपर्यंत पोचून नाकारलंत तर ते महाग पडतं. ज्यांची मुदत टळली त्या विनंत्या हातात घ्यायच्या आधीच फेकून द्या.

तिसरं, पुन्हा प्रयत्न करणाऱ्या ॲपनं दर वेळी थांबणं दुप्पट करावं आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवावा, नाहीतर सगळे एकाच सेकंदाला परत येतात. वाढत्या अंतरानं थांबण्याची ही युक्ती इंटरनेटच्याही कामी आली. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलीतल्या जेमतेम ३६५ मीटरच्या टप्प्यात माहिती पोचण्याचा वेग ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर आला होता, सेकंदाला! तिथल्या व्हॅन जेकबसन या संशोधकानं १९८८ च्या निबंधात मांडलेल्या उपायांत पाठवणाऱ्यालाच हात आखडायला लावणं मुख्य होतं, म्हणजे तोड फडातच थांबवली.

चौथा मुद्दा होता, आलेल्यांपैकी आधी कुणाला घ्यायचं. पैसे भरून अर्ज अर्धवट अडकलेला माणूस आधी, नुसतं पान बघणारा नंतर. त्याची आकृती माझ्याकडं आहे, चहाच्या टेबलावर दाखवतो. संयोजक उठलेत.