मारिओकडे बघू नका

(नाशिकमध्ये गंगापूर रोडवर मुले आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पुढे मुलं बसली आहेत, मागे त्यांचे आई-बाबा. मागच्या रांगांतल्या बऱ्याच जणांनी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम खेळलेला असणार. पिवळी कॅसेट, तिच्यावर हजारो गेम असल्याचा दावा आणि आत फिरून फिरून तेच मारिओ नि कॉन्ट्रा. पुढची मुलं सेलेस्ट, हॉलो नाइट, कपहेड खेळतात. चित्रं बदलली, संगीत बदललं, पण खेळाचा सांगाडा तोच आहे. जग बाजूने दिसतं, पडदा सरकत राहतो, आपण धावायचं, उडी मारायची, वार करायचा. यात माणूस सुधारतो कसा, यावर मी बोलणार आहे, आणि मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. आपण मेलो की बोटांना दोष देतो. बहुतेक वेळा चूक डोळ्यांची असते.

का, ते आकड्यांत बघा. यातले बहुतेक गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एकामागून एक ६० स्थिर चित्रं, दाखवतात. म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. पडद्यावर अचानक काही दिसल्यापासून बटण दाबलं जाईपर्यंत माणसाला सर्वसाधारणपणे २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. रोज सराव केला तरी हा आकडा फारसा खाली येत नाही. मग पट्टीचा खेळाडू एवढा चपळ कसा दिसतो? त्याला धोका आपल्याआधी दिसलेला असतो, म्हणून. आपण ज्या गोष्टीवर दचकतो, तिच्यासाठी त्याची उडी आधीच ठरलेली असते.

नवीन खेळाडू आपल्या नायकाकडे बघत राहतो. मारिओ कुठे आहे, मारिओ पडला का, मारिओ, मारिओ. मारिओ कुठे आहे हे तुमच्या अंगठ्याला माहीत असतं, डोळ्याच्या कडेलाही तो दिसतो. नजर त्याच्या पुढे ठेवा, पडद्याच्या उजव्या भागात, जिथून नवीन जमीन आणि नवीन शत्रू येतात. उडी घेतली की नजर उडणाऱ्यावर नको, जिथे उतरायचं त्या जागेवर हवी. पहिला अर्धा तास फार विचित्र वाटेल, आधी जमत होतं तेही बिघडेल. बिघडू द्या.

हे गेम बनवणाऱ्यांना नजरेचं महत्त्व पक्कं ठाऊक होतं. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स घ्या. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी पहिल्या लेव्हलच्या सुरुवातीला मारिओला डाव्या बाजूला उभं केलं आणि उजवीकडे जागा मोकळी सोडली. कुठे जायचं, हे एक अक्षर न लिहिता कळतं. मग पहिला गूंबा, म्हणजे चालत येणारा छोटा शत्रू, येतो. उडी मारली नाही तर तिथेच मरण. पुढे ठोकळ्यातून निघालेलं, मारिओला मोठं करणारं मशरूम उजवीकडे जातं, पाइपला आपटतं आणि आपल्याकडेच परत येतं. नवख्याला ते मिळावं, अशीच ती मांडणी आहे. १९९४ च्या डाँकी काँग कंट्रीत हवेत मांडलेली केळी उडीचा मार्ग दाखवतात. खूण समोर असते, ती वाचणारी नजर हवी.

म्हणून मेल्यावर लगेच पुन्हा सुरू करू नका. एक श्वास घ्या आणि विचारा, मला मारणारी गोष्ट मला पहिल्यांदा कधी दिसली? उत्तर ‘दिसलीच नाही’ किंवा ‘अगदी जवळ आल्यावर’ असेल, तर बोटांचा सराव वाढवून काही होणार नाही. ती जागा लक्षात ठेवा. जुन्या गेममधले बहुतेक शत्रू ठरलेल्या जागीच येतात. मेगा मॅनमध्ये तर शत्रू मारून थोडं मागे जाऊन परत आलात की तोच शत्रू तिथेच हजर असतो. या खेळांचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. ते तुम्हाला फसवायला रोज नवीन काही शोधत नाहीत.

आता खरोखरच्या बोटांच्या चुकांकडे येते. ‘दिसलं होतं, ठरवलं होतं, तरी चुकलं’, तेव्हाच त्या बोटांच्या. इथे सगळ्यात आधी उडी ओळखावी लागते, कारण प्रत्येक गेमची उडी वेगळी असते. मारिओत बटण दाबून ठेवलं तर उडी उंच, लगेच सोडलं तर आखूड, आणि हवेत दिशाही बदलता येते. १९८६ च्या कॅसलव्हेनियात उडी एकदा घेतली की घेतली, हवेत विचार बदलता येत नाही. शिवाय शत्रूचा धक्का लागला की मागे फेकले जाता, बऱ्याचदा थेट खड्ड्यात. सेलेस्टमध्ये उलट मोठी दयाळू व्यवस्था आहे. कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडी लागू होते. नवीन गेम सुरू केला की शत्रू नसलेल्या जागी पाच मिनिटं नुसत्या उड्या मारा. लहान, मोठी, धावत, उभ्याने. लोक हे टाळतात आणि महिनाभर अंदाजाने खेळतात.

अवघड तुकडा आला की तेवढाच वेगळा काढा. नाशिक ढोलाच्या पथकात नवीन आलेल्या पोराला कोणी पहिल्या दिवशी मिरवणुकीच्या वेगात वाजवायला लावत नाही. हात संथ लयीत बसतो, मग वेग चढतो. सेलेस्टच्या असिस्ट मोडमध्ये, म्हणजे खेळ सोपा करायच्या सेटिंगमध्ये, खेळाचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो. तो जरूर वापरा, त्यात कसलाही कमीपणा नाही. फक्त वेग पायरीपायरीने वाढवत मूळ वेगावर या, नाहीतर हाताला संथ वेळेचीच सवय लागते.

बॉसबद्दल, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूबद्दल, थोडंच सांगते. पहिल्या काही वेळा त्याला मारायला जाऊच नका. फक्त जिवंत राहा आणि बघा. कपहेडमधला कोणताही बॉस वार करण्याआधी अंगाने इशारा देतो. गोळ्या झाडण्याच्या नादात तो इशारा निसटतो. मेगा मॅनमध्ये एका बॉसकडून मिळालेलं शस्त्र दुसऱ्या एखाद्या बॉसवर जास्त चालतं, म्हणून कोणाला आधी गाठायचं, हाही विचारच आहे.

सामानाचंही बघा. फोनच्या काचेवर बटणाची कड बोटाला लागत नाही, अंगठा नकळत सरकतो आणि आपल्याला वाटतं की आपलं टायमिंग चुकलं. साधं, स्वस्त, वायरचं गेमपॅड याहून पुष्कळ बरं. टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये गेम मोड शोधून चालू करा. चित्र सुधारण्यात टीव्हीने १०० मिलिसेकंद उशीर लावला तर सहा फ्रेम गेल्या, आणि सेलेस्टमधली कड्यावरून पाय सुटल्यावरच्या उडीची ती सगळी सवलत त्यातच संपली.

इथे एका आईने चिठ्ठी पाठवली आहे, ‘मुलगा एकाच लेव्हलवर रात्री उशिरापर्यंत अडून बसतो, चिडतो, उठवलं तर उठत नाही.’ त्याला मी खेळाडू म्हणूनच सांगेन. बाळा, चिडल्यावर पकड घट्ट होते, अंगठा जड होतो आणि नजर पुन्हा नायकाला चिकटते. त्या अवस्थेत तू चुकीच्या हालचालीच पक्क्या करतोस. हाताने शिकलेलं झोपेत पक्कं होतं, हे संशोधनातूनही दिसलं आहे. अडलेली लेव्हल सोड, झोप, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापासूनच सुरुवात कर. आणि ताई, तुम्ही त्याला ‘बंद कर’ म्हणण्याआधी ‘कुठे अडलास, दाखव’ म्हणून बघा. दाखवताना त्याला आपली चूक मोठ्याने सांगावी लागेल, आणि त्यातून त्याला नेमकं कशाने मारलं ते कळेल.

दुसरा प्रश्न, सुरुवात कुठल्या गेमने करावी? १९८५ च्या मारिओनेच. त्यानंतर मेगा मॅन २, मग सेलेस्ट. कॅसलव्हेनिया सगळ्यात शेवटी, कारण त्याची उडी घेण्याआधी उतरायची जागा दिसलेलीच असावी लागते.