मायल क्रीकचे स्मारक

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर भागात, बिंगारा गावाजवळच्या एका टेकाडावर ग्रॅनाइटची मोठी शिळा उभी आहे. तिच्याकडे जाणारी पायवाट झाडीतून वळणे घेत जाते आणि वाटेतल्या दगडांवर बसवलेले फलक 1838 सालची हकिकत टप्प्याटप्प्याने सांगतात.

त्या वर्षी 10 जून रोजी, दिवस कलताना, 12 घोडेस्वार जमीनदार हेन्री डँगर यांच्या मायल क्रीक येथील गुरांच्या वाड्यावर आले. तेथे काही आठवड्यांपासून विरायराय जमातीचे मूलनिवासी मुक्कामाला होते. त्यांतले धडधाकट पुरुष त्या दिवशी दुसरीकडे कामाला गेले होते. मागे राहिलेल्या सुमारे 28 जणांना, म्हणजे मुख्यतः स्त्रिया, मुले आणि वृद्धांना, दोरखंडाने बांधून थोड्या अंतरावर नेण्यात आले आणि ठार मारण्यात आले. पुढे प्रेतेही जाळण्यात आली.

अशा हत्या एरवी दडपल्या जात. येथे मात्र वाड्याचा व्यवस्थापक विल्यम हॉब्स याने घडले ते कळवले, वसाहतीचे गव्हर्नर जॉर्ज गिप्स यांनी चौकशी लावली आणि जॉर्ज अँडरसन या कैदी नोकराने न्यायालयात साक्ष दिली. मूलनिवाशांची साक्ष तेव्हा कायद्याने ग्राह्यच नव्हती. पहिल्या खटल्यात अकराही आरोपी सुटले. दुसऱ्या खटल्यात सात जण दोषी ठरले आणि 18 डिसेंबर 1838 रोजी फासावर गेले. ते सातही जण शिक्षा भोगण्यासाठी ऑस्ट्रेलियात आणलेले कैदी किंवा माजी कैदी होते. टोळीतला एकमेव जन्मजात स्वतंत्र नागरिक, जॉन फ्लेमिंग, फरार झाला आणि त्याच्यावर कधीच खटला चालला नाही. न्याय झाला खरा, पण तो कुठवर पोहोचला हेही त्यातून दिसते.

स्मारक उभे राहायला त्यानंतर 162 वर्षे जावी लागली. 10 जून 2000 रोजी त्याचे अनावरण झाले, तेव्हा वाचलेल्यांचे आणि मारेकऱ्यांचे वंशज एकत्र उभे होते. 2005 मध्ये कोणीतरी फलकांची तोडफोड केली. तरीही 2008 मध्ये या जागेचा राष्ट्रीय वारसा यादीत समावेश झाला आणि दरवर्षी जूनमध्ये लोक येथे जमतात.

ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी तयार केलेल्या नकाशावर अशा हत्याकांडांच्या शेकडो जागा नोंदलेल्या आहेत. त्यांतल्या अनेक ठिकाणी आजही साधी पाटीसुद्धा नाही.