सड्यावरचं पाणी, खाडीतला चुरा

रत्नागिरीपासून देवगडपर्यंत ठिकठिकाणी जांभ्याचा सडा, म्हणजे तांबड्या दगडाचं सपाट उघडं पठार, पसरलाय. मे महिन्यात इथे अनवाणी पाय टेकवत नाही. सातबाऱ्यावर याची नोंद बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य ओसाड जमीन, म्हणूनच सापडते.

जूनमध्ये अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्रीला अडतात आणि या पट्ट्यात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाखो वर्षं हाच पाऊस दगड धूत आलाय. चुना, पालाश, सिलिका वाहून गेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. जांभ्याचा तांबडा रंग या लोहाचा. या धुण्यात नत्रही (नायट्रोजन) टिकत नाही, त्यामुळे सड्यावर त्याची कायमच चणचण.

भाद्रपदात जरा खाली वाकून बघा. ही निळी-जांभळी फुलं म्हणजे सीतेची आसवं. रोप जेमतेम बोटभर, पण त्याच्या ओल्या मातीतल्या धाग्यांना बारीक बारीक फुग्या असतात. एखाद्या सूक्ष्म जीवाचा फुगीच्या तोंडाशी असलेल्या केसाला धक्का लागला, की फुगी त्याला पाण्यासकट आत ओढते. मातीत नसलेलं नत्र हे रोप असं मिळवतं!

बाकीचं पाणी जांभ्याच्या भोकांतून मुरत जातं, खाली चिकट माती लागली की उताराला झरा होऊन फुटतं. पायथ्याच्या विहिरी त्यावरच भरतात. सडा फोडून सपाट केला, तर हेच पाणी वरच्या वर पळून जाईल. याला ओसाड कसं म्हणायचं?

झऱ्यांचा व्हाळ, म्हणजे ओढा, होतो, व्हाळ खाडीला मिळतो. येताना आणलेला गाळ खारफुटी मुळांत अडवते. कांदळाचं, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाचं, पान पिवळं होऊन गळतं, पण त्याआधी झाडाने त्यातलं बरंचसं नत्र परत ओढून घेतलेलं असतं. चिखलातला लहानसा खेकडा ते पान नांगीत धरून बिळात नेतो, कुरतडतो. उरलेल्या तुकड्यांवर जिवाणू आणि बुरशी वाढते, आणि त्यांच्यासकट तो चुरा कोळंबी खाते, बोय मासा खातो. त्यांच्या मागावर तांबोशी ही शिकारी मासळी येते.

तांबोशी गळाला लागली की घरी येते. तिची खवलं, कल्ले, आतडी माडाच्या आळ्यात पुरतात. मासळी धुतलेलं पाणी अळवाला जातं. त्यातलं नत्र आणि स्फुरद माडाची, अळवाची मुळं उचलतात. त्यांच्याकडून सुटलेलं पुढच्या पावसात खाडीत उतरतं. तिथली खारफुटी शाबूत असेल, तर खेकड्यांना, कोळंबीला ते पुन्हा मिळतं.